उरलेल्या तुकड्यांचे मोल

पाच भाकरी व दोन मासे यांनी पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले. बारा टोपल्या भरल्या, असे योहान सांगतो. ज्याला भाकरी वाढविता येते, त्याने तुकड्यांची चिंता का वाहावी? कारण मुबलक मिळाले म्हणून अन्नाचे मोल कमी होत नाही.

रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणारी, शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी गृहिणी हे जाणते. त्यात चार पैसे वाचतात, याचा संकोच कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली दुकाने, उपाहारगृहे व घरे मिळून, सालीबियांसह, सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून.

मात्र काटकसर आणि कंजूषपणा शेजारीशेजारी राहतात. स्वतः ताजे जेवून शिळे मोलकरणीच्या हाती ठेवणे, याला दानधर्म म्हणवत नाही. शिळे आपल्या ताटात घ्यावे. दुसऱ्याला द्यावयाचे ते ताज्यातून द्यावे. वाचलेल्या पैशालाही हीच कसोटी. त्यातला घास कुणा भुकेल्याच्या मुखी लागतो का, यावरूनच आपली काटकसर सद्गुण की कंजूषपणा, ते ठरेल.