क्षमा कोणी करावयाची?

वर्गात मारामारी झाली की मी समेट घडवून आणतो. परवा हात मिळवले ते मारणाऱ्या पोराने आणि मार खाणाऱ्याच्या थोरल्या भावाने. मार खाल्लेला धाकटा कोपऱ्यातच उभा! ते पाहून मला बव्हेरियाचा आल्ब्रेख्ट आठवला.

म्युनिकच्या ड्यूक एर्न्स्टचा हा एकुलता एक औरस मुलगा. त्याचे मन जडले आउग्सबुर्गच्या आग्नेस बेर्नाउअरवर. ती एका न्हाव्याची मुलगी, असे परंपरा सांगते. दोघांनी गुपचूप लग्नही लावले असावे. बापापुढे प्रश्न वारसाचा होता. अशा बायकोच्या मुलांना गादीवर कोण बसू देणार? आणि भाऊबंद तर टपलेलेच होते. १४३५ च्या सप्टेंबरात एर्न्स्टचा भाऊ तान्हे मूल मागे ठेवून वारला. पुढच्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला, आल्ब्रेख्ट शिकारीला गेलेला पाहून एर्न्स्टने सुनेला पकडले आणि श्ट्राउबिंग येथे डॅन्यूब नदीत बुडवून मारले.

आल्ब्रेख्ट बापाच्या वैऱ्याकडे, इंगोलश्टाटच्या लुडविगकडे गेला. आता युद्ध पेटणार असे वाटत होते. पण थोड्याच महिन्यांत बापलेक एक झाले. १४३६ च्या नोव्हेंबरात ब्रुन्सविक घराण्यातील आन्नाशी त्याचे लग्नही लागले, आणि पुढे घर मुलांनी भरले. त्याच वर्षी एर्न्स्टने श्ट्राउबिंगच्या स्मशानभूमीत आग्नेसच्या नावे प्रार्थनामंदिर बांधले. बुडविणाराही तोच, बांधणाराही तोच!

एकोणिसाव्या शतकात हेब्बेल नावाच्या जर्मन नाटककाराने या कथेवर नाटक लिहिले आणि राज्याच्या हिताचा कैवारी म्हणून बापाची बाजू उचलून धरली. मला ते पटत नाही. पण मुलाला दोष देतानाही जीभ अडखळते. तो लढला असता, तर जळाली असती ती कुणब्यांची घरे. त्यांनी आग्नेसचे काय वाईट केले होते? आपल्या दुःखाबद्दल बापाला क्षमा करण्याचा हक्क आल्ब्रेख्टला होताच. पण पाण्यात गुदमरली ती आग्नेस. तिच्या वाटची क्षमा त्याने कोणत्या अधिकाराने द्यावी? की त्याने ती दिलीच नाही, नुसती तलवार म्यान केली?

एर्न्स्ट १४३८ मध्ये वारला. समेटाची भीड आता कोणाची? तरी आग्नेसच्या आत्म्यासाठी श्ट्राउबिंगच्या कार्मेलाइट मठात आल्ब्रेख्टने १४३५ च्या डिसेंबरातच नेमून दिलेली प्रार्थना चालूच होती. १४४७ मध्ये, आन्ना घरात असताना, त्याने त्या देणगीत आणखी भर घातली.