दान आणि देणे

लोकांच्या उन्नतीसाठी सरकार ज्या योजना आखते, त्यांविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत गोष्ट निघाली, म्हणजे दोन मते हटकून ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, अशा योजनांनी गरिबास फुकट खाण्याची सवय लागते. दुसरा म्हणतो, भुकेल्यास आधी अन्न द्यावे, नीतीची चर्चा मागाहून करावी. या दोन पक्षांत वरवर पाहता हाडवैर दिसते. तथापि दोघांचेही एक गृहीत समान आहे. देणारा तो दाता आणि घेणारा तो याचक, हे ते गृहीत होय. ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्यास महाराष्ट्रातच जन्मास आलेल्या रोजगार हमी योजनेहून अधिक बोलके उदाहरण आम्हांस सुचत नाही.

या योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, तिचा पहिला लहानसा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, आणि चार बैल बाळगणारा कुणबीही मजुरांच्या रांगेत येऊन उभा राहिला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. दुष्काळ सरला, पण योजना टिकली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल, त्यास ते पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. हाच विचार २००५ साली संसदेने, प्रत्येक कुटुंबास वर्षास १०० दिवसांच्या हमीपुरता, सर्व देशासाठी स्वीकारला.

आता प्रश्न असा की, या कायद्याने बदलले काय? दुष्काळात लोक खडी फोडीत होते, कायद्यानंतरही माती उपसू लागले. ऊन तेच, कुदळ तीच. परंतु पूर्वी काम निघणे हे अधिकाऱ्याच्या कृपेवर होते. आता ते मागणाऱ्याच्या अर्जावर आले. कामाच्या हक्काची तरतूद करावी, असे राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात सांगितले आहे खरे. पण त्या कलमाच्या आधारे कोणासही न्यायालयात दाद मागता येत नव्हती. जो उपदेश होता त्यास येथे बंधनाचे रूप आले. शिवाय मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्यामुळे बाईची पाटी पुरुषाच्या पाटीहून स्वस्त धरण्यास कारण उरले नाही. समाजसुधारणेच्या पुष्कळ व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते या साध्या हिशेबाने काही अंशी साधले.

फुकटेपणाचा आक्षेप येथे टिकत नाही. मे महिन्याच्या उन्हात कोणी हौसेने दगड फोडावयास येत नाही. उलट दुसराच आक्षेप आम्हांस अधिक बोचतो. गरज खरी की खोटी, हे ओळखण्यास माणसास उन्हात उभे करणे कितपत न्याय्य आहे? आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या शिक्षणाचा सर्व खर्च फीमधून कधीच भागला नाही. उरलेला भार सार्वजनिक तिजोरीने उचलला. त्याबद्दल कोणी आमच्याकडून खडी फोडून घेतली नाही, की आम्हांस लाभार्थी असे नाव दिले नाही. आणि ज्यास कुदळच उचलवत नाही, त्या वृद्धास व रुग्णास तर या हमीत जागाच नव्हती.

योजनेचे इतर दोषही झाकण्याजोगे नाहीत. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी वेळेवर मिळाली नाही, कित्येक कामे अर्धवट राहिली. बांध पहिल्याच पावसात वाहून गेला, म्हणजे पैशाबरोबर माणसाचा घामही वाया जातो. तोच बांध टिकला, तर खालच्या विहिरीस पाणी राहते, रब्बीचे पीक हाती येते, आणि काल मजुरीस आलेला माणूस पुढल्या वर्षी स्वतःच्या शेतात राबतो. अशा रीतीने हजेरीपट आखूड व्हावा, हेच योजनेचे खरे यश. परंतु नाव नोंदवून न घेतल्यानेही तो आखूड होतो. आकड्यांत हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. त्यांतील भेद ओळखणे हे सुशिक्षितांचे काम आहे.

या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. ज्यास व्यवसाय आहे त्याने, ज्यास तो नाही त्याच्या कामासाठी काही द्यावे, हा त्यामागील विचार. पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या अल्प रकमेकडे आपण कुरकुरत पाहतो. दानाने दात्यास पुण्य लाभते, म्हणून तो घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करतो. देणे फेडणारास मात्र तशी अपेक्षा करता येत नाही. त्याने फार तर पावती मागावी. बांधात पाणी अडले की नाही, मजुरी वेळेवर पोचली की नाही, हे विचारणे म्हणजे ती पावती मागणे होय. आणि ती आपण फारशी मागितली नाही, असे आम्हांस वाटते.