रक्ताची साक्ष, सत्यकामाचं गोत्र

हार्बर लाइनवर रे रोडच्या पुढचं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून माझगावात शिरलं की हसनाबाद लागतं. १८८१ मध्ये निधन झालेल्या पहिल्या आगाखानांची, म्हणजे इस्माइली मुस्लिमांच्या धर्मप्रमुखांची, कबर इथे आहे. त्यांच्या हयातीतच, १८६६ मध्ये, त्यांच्या वंशाची चिकित्सा मुंबईच्या हायकोर्टात झाली होती. खोजा समाजातल्या एका गटाने त्यांच्या अधिकाराला आव्हान दिलं होतं. न्यायमूर्ती जोसेफ अरनॉल्ड यांनी इतिहास, परंपरा, धर्मग्रंथ पाहिले आणि इस्माइली इमामांशी आगाखानांचं नातं मान्य केलं. कित्येक शतकांचं ते नातं रक्ताच्या तपासणीवर टेकलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ते मानत आलेली माणसं त्याच्या मागे उभी होती.

नातं म्हणजे रक्त की स्वीकार?

१८७२ च्या पुरावा कायद्याने लहान मुलापुरतं उत्तर देऊन टाकलं. २०२४ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या पतीचंच. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीला एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध झालं तरच अपवाद. मोठ्यांच्या संशयाची झळ पाळण्यापर्यंत पोचू नये, म्हणून घातलेलं हे कुंपण.

डीएनएने त्याला धक्का दिला. नागपूरच्या पोटगीच्या एका खटल्यात दोन प्रयोगशाळांनी पती मुलीचा जनक नसल्याचं सांगितलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञान वरचढ ठरवलं. मुलीची पोटगी थांबली. आधी दिलेले पैसे मात्र परत घ्यायचे नाहीत, असंही न्यायालयाने बजावलं. तराजू एका बाजूला पूर्ण झुकूनही न्यायाधीशांना त्या मुलीचा विचार सोडवला नाही.

२०२३ मध्ये पुण्याचं प्रकरण आलं. घटस्फोटाच्या दाव्यात पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायला पतीने मुलाची चाचणी मागितली होती. कौटुंबिक न्यायालय आणि हायकोर्ट दोघांनीही परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलाची जनुकीय माहिती त्याची खासगी आहे, आईबापांच्या भांडणातलं ती हत्यार नव्हे, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

सत्य लपवायचं का मग? छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम इथे वाट दाखवतो. गोत्र विचारल्यावर आईने सांगितलं तेच त्याने गुरूला सांगितलं: गोत्र कोणतं, तिलाही ठाऊक नाही. गुरू गौतमांनी त्या खरेपणावर त्याला शिष्य केलं आणि चारशे रोड गायी राखायला दिल्या. जबालेचा हा मुलगा आपलं सत्य स्वतःच्या तोंडाने बोलला. पुण्याच्या मुलाकडून ते दुसऱ्याच्या कामासाठी काढून घेतलं जाणार होतं. तपासणी तीच असली, तरी ती कुणी मागितली यावर तिचं पाप-पुण्य ठरतं.

रोहित शेखर यांनी ती स्वतः मागितली. आपण राजकीय नेते नारायणदत्त तिवारींचे पुत्र आहोत, हा त्यांचा दावा. वयोवृद्ध नेत्याने रक्त द्यायला खूप आढेवेढे घेतले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टात अहवाल उघडला आणि जैविक पितृत्वाचा प्रश्न संपला. रोहित आपला मुलगा आहे, असं तिवारींनी जाहीरपणे म्हटलं ते मार्च २०१४ मध्ये.