हरकत नाही

दिवसाकाठी माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा कोणते शब्द बाहेर पडतात, असं कुणी विचारलं तर आमची ही क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, 'हरकत नाही.' एस.टी.त कुणी माझ्या पायावर ट्रंक ठेवली, हरकत नाही. चहात साखर राहिली, हरकत नाही. हिला पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी पसंती विचारली, त्यावरही मी हेच म्हणालो होतो आणि ते ही अजून विसरलेली नाही.

अशा माणसाकडे लोकांनी हरकती लिहून घ्यायला यावं, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. पण कचेरीत उभा जन्म कारकुनी केल्यामुळे माझं अक्षर चांगलं आहे आणि अर्जाची भाषा त्याहून चांगली आहे. 'विनंती विशेष की' लिहावं ते मीच, अशी मेहकरात ख्याती. निवृत्त झाल्यावर तर घरी येणाऱ्यांपैकी अर्धे लोक कोरा कागद घेऊनच येतात.

एके दिवशी सकाळी लोणारची माझी ताई आली. भाऊजींनी फंडाच्या पैशातून तिथे विवराच्या बाजूला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. भाऊजी गेले, प्लॉट राहिला. भाचा रिकामा आहे. तीन खोल्या बांधाव्यात, पर्यटकांना द्याव्यात, असा मायलेकांचा बेत. आणि आता कुणीतरी सांगितलं की, अभयारण्याभोवती संवेदनशील क्षेत्र ठरतंय, मसुदा निघालाय आणि हरकती मागवल्यात.

"बाळू, मले त्या कागदातलं काही समजत नाही बाप्पा," ताई म्हणाली. "तू फक्त लिही, आमची हरकत हाय."

तिला न समजण्यात तिचा दोष नव्हता. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघतं. ते लोकांना उपलब्ध झालं की 60 दिवसांच्या आत कुणाही नागरिकाने हरकत किंवा सूचना पाठवावी, असा नियम आहे. नियम फार चांगला आहे. फक्त लोणारची म्हातारी आणि दिल्लीचं राजपत्र यांची 60 दिवसांत गाठ कशी पडावी, ते त्यात लिहिलेलं नाही.

मी ताईचा अर्ज लिहिला. विधवा, एकच मिळकत, अभयारण्य 2000 साली झालं आणि जागा त्याच्या आधीची, सगळं घातलं. ताईने डोळे पुसून सही केली आणि साडेअकराची गाडी पकडली.

दुपारी तिच्याच गल्लीतले निवृत्त मास्तर आले. त्यांच्याही हातात कोरा कागद.

"भाऊसाहेब, विवराच्या काठाला एक वीटही लागता कामा नये, असं लिहून द्या. तुमची लेखणी पाहिजे."

आता या दुसऱ्या कागदाला नाही कसं म्हणायचं? हरकत नाही, म्हटलं. मास्तर मात्र नुसते 'हरकत आहे' म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. दख्खनच्या काळ्या कातळात उल्का आदळून झालेलं हे विवर, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. तळाला खारट पाणी आणि एका कडेला धारेचं गोडं पाणी. आधी 50 हजार वर्षांचं मानत, पुढे ते 5 लाख 70 हजार वर्षांचं असल्याचं शास्त्रज्ञांनी मांडलं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा तो खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा रंग असल्याचं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. गावाचं सांडपाणी सरोवरात उतरण्यावरून नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं. हे सगळं मी असं काही उतरवलं की, वाचताना माझाच ऊर भरून आला.

रात्री मात्र झोप येईना. सकाळी मी लिहिलं की बांधू द्या, दुपारी लिहिलं की बांधू देऊ नका. दोन्ही वेळा मनापासून लिहिलं! वकिलाला हे चालतं, तो फी घेतो. मी तर दोघांनाही चहा पाजला होता.

मूळ घोटाळा बघा. हे विवर म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं विनापरवाना खोदकाम. उल्केने ना शेजाऱ्यांची संमती घेतली, ना 60 दिवस वाट पाहिली. लवणासुराला विष्णूने इथेच मारला म्हणतात. त्या असुराची बाजू कुणी लिहून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि आता त्या खड्ड्याच्या काठावर तीन खोल्या बांधायच्या तर एका म्हाताऱ्या बाईने जगाची परवानगी काढायची. ताईच्या जागी असतो तर मीही रडलो असतो. पण ताईला तीन खोल्या दिल्या की शेजाऱ्याला सहा, त्याच्या शेजाऱ्याला हॉटेल. त्या सगळ्यांचं सांडपाणी उतारानेच जाणार आणि उतार एकाच दिशेला आहे. त्या सूक्ष्मजीवांना तर राजपत्र हिंदीतही वाचता येत नाही.

मग मी ठरवलं, आपण स्वतःचं मत पाठवायचं. कागद घेतला, 'विषय :' लिहिलं आणि थांबलो. सूचना लिहावी तर ताई दिसे, हरकत लिहावी तर मास्तर. 'माझा निश्चय होत नाही' असं सरकारला कळवायची सोय कुठल्याच नमुन्यात नाही. खाणी-कारखान्यांच्या जनसुनावणीचा 2006 चा नियम मी एकदा वाचला होता. 30 दिवस आधी जाहिरात, चित्रीकरण, सगळं आहे. पण सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. आमच्या वाचनालयाची वार्षिक सभासुद्धा गणपूर्तीवाचून तहकूब होते! म्हणजे कुणी आलं नाही तरी गावाला विचारलं असंच होतं. जो आला नाही, त्याची हरकत नाही. मौन म्हणजे संमती, हे लग्नात ठीक आहे. तिथे निदान नवरीला समोर बसवलेलं असतं. इथे घरी बसलेला माणूस राजी आहे, आजारी आहे, की त्याला जाहिरातच दिसली नाही, हे कोण सांगणार? आणि माझ्यासारखा, ज्याला सगळं दिसलं, ज्याने दोन्ही अर्ज स्वतःच्या हाताने लिहिले आणि तरी जो गप्प बसला, त्याला कुठे मोजायचं?

कागद टेबलावर 'विषय :' असाच पडून राहिला. एकसष्टाव्या दिवशी हिने त्यावर दुधाचा हिशेब लिहिला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

दिवाळीत भाऊबीजेला लोणारला गेलो. ताईने ओवाळलं, करंज्या वाढल्या, मग शांतपणे म्हणाली, "मास्तरनं तो अर्ज गल्लीत सगळ्यायले वाचून दाखवला. अक्षर तुझं."

मी करंजी खाली ठेवली.

"लिवला तर लिवला," ताई म्हणाली. "लोक तुझ्याकडं येतेतच. पण बाळू, पोरानं माझ्या अर्जाची झेरॉक्स पाहिली. त्यात तीन चुका हायेत. मास्तरच्या अर्जात एक नाही."

मला काय बोलावं कळेना. सवयीने तोंडून निघूनच गेलं, "हरकत ना…"

"खा ती करंजी," ताई म्हणाली.