भय, श्रद्धा आणि वैद्य

मद्यपानाचा विषय निघाला की पौलाने तीमथ्याला दिलेला सल्ला (१ तीमथ्य ५:२३) आपल्यातील पुष्कळांना हटकून आठवतो. परंतु मूळ ग्रीक वाक्य नीट पाहावे. द्राक्षारसाचे प्रमाण तेथे 'अल्प' सांगितले आहे, आणि तीमथ्य तोवर केवळ पाणीच पीत असे, हेही त्यावरून सूचित होते. सारांश, ते वचन पिणाऱ्याला दिलेली मोकळीक नसून आजाऱ्याला सांगितलेला उपाय आहे. तीमथ्याच्या दुखण्याला पौल अविश्वास म्हणत नाही. तो उपचार सुचवतो.

हे ध्यानात घेऊन एका अवघड प्रश्नाकडे वळू. कित्येक वर्षे मद्य घेणाऱ्या विश्वासणाऱ्याला आपल्या यकृताची धास्ती वाटू लागली, तर त्याने काय करावे? पुष्कळ जण गप्प राहतात. "प्रार्थना करून सोडीन, डॉक्टर कशाला?" असे म्हणतात. ही श्रद्धा आहे, की मंडळीत बोभाटा होईल याचे भय?

यकृत सहसा दुखून इशारा देत नाही. आधी त्यात चरबी साचते, मग दाह होतो, आणि शेवटी व्रण पडून सिऱ्हॉसिस होतो. पहिल्या अवस्थेतील बिघाड मद्य सोडल्यास बहुधा ओसरतो. सिऱ्हॉसिसचे व्रण मात्र सहसा पुरते भरून येत नाहीत, तरी तेव्हाही मद्य सोडल्याने आयुष्य वाढू शकते. म्हणून रक्ततपासणी व सोनोग्राफी लवकर करावी. कावीळ, पोटात पाणी होणे किंवा रक्ताची उलटी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबवल्यास कंप, झटके, भ्रम होऊन प्रसंग जिवावर बेतू शकतो. तेव्हा शपथ घेणाऱ्यानेही आधी डॉक्टरांना आपले खरे प्रमाण सांगावे, अर्धे नव्हे. याकोबाच्या पत्रात (५:१६) पापांची कबुली व आरोग्य ही जोडीने येतात, ती उगाच नाही.

१९३५ साली अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा आरंभ करणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः शल्यचिकित्सक होता. वैद्यालाही दुसऱ्या माणसाचा हात धरावा लागला, मग आपण संकोच का करावा? पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे कार्य करीत आहे. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. आणि देशात कोठूनही १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पाळक व वडील यांचेही एक कर्तव्य आहे. कोणी मन मोकळे केले, तर ते गुपित राखावे, आणि उपदेशाआधी त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. प्रिय वाचकहो, पौलाचा सोबती लूक वैद्यच होता (कलस्सैकरांस ४:१४). प्रभूच्या सेवेत प्रार्थना आणि औषध एकत्र नांदली. आपल्या घरांतही ती एकत्र नांदोत.