पाहुण्यांचा पेला

अमेरिकेत बेबी शॉवर ठरला की करणाऱ्या मैत्रिणींमध्ये हमखास वाद होतो : पाहुण्यांना वाइन ठेवायची का? जिच्यासाठी हा घाट घातला ती पिणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. पण हे धरून चालणं मागच्या पन्नासेक वर्षांतलं आहे.

जुन्या इंग्लंडात बाळंतिणीला आणि तिला बघायला येणाऱ्या बायकांना कॉडल देत. कॉडल म्हणजे वाइन किंवा बिअर आणि मसाले घालून केलेली गरम पेज. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. इशारे होते, पण ते अट्टल पिणाऱ्यांपुरते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे, की नित्य मद्य पिणाऱ्या गर्भिणीचं मूल सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं आणि चंचल चित्ताचं होतं. लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजानेही 1726 मध्ये पार्लमेंटपुढे जिनबद्दल अशीच तक्रार मांडली. पुढे अमेरिकेत हा विचार मद्यनिषेधवाल्यांच्या हाती गेला आणि तिथेच त्याचं नुकसान झालं. 1933 मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा त्यांच्या प्रवचनांबरोबर ही शंकाही अडगळीत पडली.

ती इतकी विसरली गेली, की न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ फ्रिट्झ फुक्स यांनी 1960च्या दशकात अकाली कळा थांबवायला शिरेतून चक्क अल्कोहोल द्यायला सुरुवात केली. उपाय इतरत्रही पसरला. बायका झिंगत, ओकत, आणि डॉक्टर ते औषध म्हणून देत! थॅलिडोमाइड या औषधाने हजारो मुलं अपंग झाली आणि वारेची तटबंदी अभेद्य नसल्याचं 1961 मध्येच कळून चुकलं होतं, तरीही.

1968 मध्ये फ्रान्सच्या नांत शहरातले पॉल लमोइन यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांची पाहणी छापली. ती फ्रेंचमध्ये होती, बाहेर फारशी कुणी वाचली नाही. सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आठ मुलांचं वर्णन केलं आणि आईच्या दारूमुळे गर्भाला होणाऱ्या विकाराला नाव दिलं, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. 1981 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने गर्भवतींना अजिबात न पिण्याचा सल्ला दिला. 1989 पासून बाटल्यांवर इशारा आला. किती प्यायलं तर चालतं हे ठरवता आलं नाही, म्हणून शून्य. मला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो.

पुढची मजल मात्र विज्ञानाने मारलेली नाही. सल्ला आईच्या पेल्यापुरता होता. लोकांनी तो सभोवार पसरवला. सिअ‍ॅटलजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये 1991 साली गर्भवतीला कॉकटेलपासून परावृत्त करू पाहणाऱ्या दोन वाढप्यांची नोकरी गेली. तिच्या देखत इतरांनी पिणंही अनेकांना खटकू लागलं. उलट तरुण पाहुणीने वाइन नाकारली, तर ‘हिचंही काही आहे का?’ अशा नजरा वळतात, हा आणखी एक जाच.

पाहुण्यांच्या वाइनने बाळाला काही होत नाही, तेव्हा हा प्रश्न वैद्यकाचा नाही, यजमानपणाचा आहे. दुपारी बायकाबायकांत होणारे शॉवर आता स्त्री-पुरुष मिळून, संध्याकाळीही होतात. त्यामुळे तो जास्त बोचतो. तिकडच्या मराठी घरांत कधी ओटीभरण आणि शॉवर एकाच दिवशी उरकतात. डोहाळजेवणात पान मांडायचं ते तिला काय हवंसं वाटतं ते पाहून, मग ते आंबटगोड असो की चमचमीत. पाहुणे तिच्या पंगतीला येतात. माझं मत तिथून येतं : जे तिला नाकारावं लागेल, ते त्या दिवशी मेजावर नको. पुरुषमंडळींना बिअर हवीच असेल, तर त्यांची ‘डायपर पार्टी’ वेगळ्या दिवशी असतेच.

पण ‘माझ्यामुळे कुणी कोरडं बसू नका’ असं ती स्वतः म्हणाली, तर बाटली उघडावी आणि माझं मत बाजूला ठेवावं. सासू, नणंद, मैत्रिणी यांनी आपसांत ठरवण्याआधी तिला एकदा विचारा.