हादरा अल्लाहचा, भिंत माणसाची

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी दक्षिण तुर्कस्तान आणि उत्तर सीरिया ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. त्याच दुपारी ७.५ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक, तर सीरियात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अंताक्यासारख्या प्राचीन शहरातील मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त झाले. अशा वेळी दोन वाक्ये हमखास कानी पडतात : हा अल्लाहचा कोप आहे, किंवा, तकदीरमध्ये होते ते घडले.

पहिल्या वाक्याचे उत्तर हदीसमध्येच आहे. पडझडीखाली दबून मरण पावणाऱ्या श्रद्धावंताची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहीदांत केली आहे. मग झोपेतच ढिगाऱ्याखाली गेलेल्या लेकरांना गुन्हेगार ठरविणारे आपण कोण?

दुसरे वाक्य अधिक विचार मागते. तकदीरवर आपले ईमान आहेच. अरबस्तानचा भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, अनातोलियाचा पश्चिमेकडे लोटला जातो आणि दीर्घकाळ साठलेला ताण एका क्षणी मोकळा होतो. ही अल्लाहने सृष्टीला घालून दिलेली रीत आहे. परंतु धक्का जमिनीतून येतो. डोक्यावर कोसळणारा स्लॅब मात्र माणसाने घातलेला असतो.

१९९९ च्या इझमित भूकंपानंतर तुर्कस्तानने बांधकामाचे नियम कडक केले होते. तरीही निकृष्ट काँक्रीट आणि खांबांतील अपुरे लोखंड चालूच राहिले. २०१८ मध्ये तर शुल्क भरून घेऊन लाखो नियमबाह्य बांधकामांना माफी देण्यात आली. येथे दीनचा एक मूलभूत नियम आठवावा. अल्लाह आपल्या हक्कातील कसूर माफ करील. पण बंद्याचा हक्क मारला असेल, तर त्या बंद्याने माफ केल्याविना सुटका नाही. मग त्या घरांत झोपणाऱ्यांच्या जिवाचा धोका माफ करण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयाला होता?

बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. प्रेषितांनी (स.) पावसाविषयी वाद घातला नाही. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, एवढेच विचारले. आणि फसविणारा आमच्यातील नाही, असे बजावले. पाऊस अल्लाहचा होता, लपविणे त्या माणसाचे होते. गिलाव्याआड झाकलेला कच्चा खांब म्हणजे राशीच्या पोटातील तेच ओले धान्य होय.

आपल्या फुकहांनी हे फार पूर्वी ओळखले होते. हनफी फिकहमध्ये रस्त्याकडे झुकलेल्या भिंतीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाला भिंत उतरविण्यास सांगितले, त्याला पुरेसा अवधी मिळाला, तरी त्याने ती तशीच ठेवली आणि ती कोणावर पडली, तर नुकसानीची जबाबदारी येते. भिंत आपोआप पडली, ही सबब तेथे चालत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. त्या दिवशी धरणी हललीही नव्हती. स्वस्तात मिळते म्हणून कागद न पाहता घर घेणारे, भाड्याच्या लोभाने जुन्या पायावर आणखी एक मजला चढविणारे, दुकान ऐसपैस व्हावे म्हणून खांब काढणारे आपल्याच मोहल्ल्यांत राहतात. ते नमाजी असतात, हाजीही असतात. खांबातील लोखंड हीदेखील अमानत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

उंटाला आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण मुलांना देतो. घर बांधतानाही ती तितकीच लागू आहे. धरणीकंप थांबविणे आपल्या हाती नाही, आणि आखिरतमध्ये त्याचा जाब आपल्याला विचारला जाणार नाही. भिंतीचा मात्र विचारला जाईल.

अल्लाह त्या शहीदांवर कृपा करो आणि आपल्याला अमानत सांभाळण्याची बुद्धी देवो. आमीन.